गतवर्षींचें पंचांग

गुढीपाडव्याच्या दिवशीं सकाळीं कडुनिंबाचीं पानें तोंडांत टाकल्यावर आपल्या घरांत पूर्वापार एक काम होत आलें आहे. तें म्हणजे नव्या पंचांगाचें वाचन. खुंटीवरचें जुनें पंचांग त्या दिवशीं काढून ठेवतात. तें फाटलेलें नसतें. त्यांतला एखादा आंकडा खोटा ठरलेला असतो असेंही नाहीं. वर्षभर त्यानें आपलें काम चोख बजावलेलें असतें. तरी पण त्यावरून यंदाची एकादशी कोणी धरीत नाहीं, आणि गेल्या वर्षींच्या पंचांगावरून लग्नाचा मुहूर्त काढणारा जोशी भेटला तर त्याला आपण वेड्यांत काढूं. आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्यासाठीं मला येथें बोलाविलें आहे, त्या विषयांत मात्र हा वेडेपणा आपण सर्वजण वर्षानुवर्षें बिनतक्रार करीत आलों आहों. तो विषय म्हणजे आपल्या गांवच्या, आपल्या नगरपालिकेच्या आपत्ति-व्यवस्थापनाचा आराखडा.

मी कांहीं या विषयांतला पंडित नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेला, आणि पुढें पस्तीस-छत्तीस वर्षें कृष्णाकांठच्या एका लहानशा नगरांत मुलांना शिकविण्यांत घालविलेला मी एक शाळामास्तर आहें. शेवटचीं कांहीं वर्षें मुख्याध्यापक होतों. २०१८ च्या मे महिन्यांत निवृत्त झालों. परंतु या आराखड्याशीं माझा एकदां फार जवळचा संबंध आला. इतका जवळचा कीं, त्यांतली एक चूक मीच होतों. ती हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे मला काय म्हणावयाचें आहे तें आपोआप ध्यानांत येईल.

२०१९ सालचा ऑगस्ट महिना कृष्णाकांठीं राहणाऱ्या कोणाच्याही स्मरणांतून जाणार नाहीं. पश्चिमेस सह्याद्रीवर पाऊस खळत नव्हता. धरणें भरलीं, त्यांचे दरवाजे उघडले. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपुरास मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीस. या साऱ्या नद्या एकदम फुगून आल्या म्हणजे कृष्णेला पाणी टाकावयास जागा राहत नाहीं. तें मागें पसरतें आणि आळीआळींतून आंत शिरतें. त्या आठवड्यांतील एका रात्रीं, अकराच्या सुमारास, माझें दार कोणीं तरी जोरानें ठोठावलें. दार उघडतों तों बाहेर खालच्या आळींतील पंधरा-वीस माणसें उभीं. अंगावर भिजलेल्या चादरी, डोक्यावर बोचकीं, कडेवर मुलें. त्यांतला एकजण, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, “गुरुजी, शाळेची किल्ली द्या.”

मीं म्हटलें, “अरे, किल्ली माझ्याकडे कशी असेल? मी गेल्या वर्षींच मोकळा झालों.”

त्यानें प्लास्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेला एक कागद काढून माझ्यापुढें धरला. पालिकेच्या आराखड्यांतील आमच्या प्रभागाचें तें पान होतें. ‘निवारा केंद्र’ या सदराखालीं शाळेचें नांव होतें. ‘किल्ली ज्यांच्याकडे’ या सदराखालीं माझें नांव होतें, आणि त्यापुढें माझ्या घरच्या दूरध्वनीचा क्रमांक होता. तो दूरध्वनि मीं सहा वर्षांपूर्वींच बंद केला होता.

नवे मुख्याध्यापक नदीपलीकडच्या गांवीं राहत असत, आणि पुलावरची वाहतूक तर दुपारींच थांबली होती. शिपायाचा पत्ता लागेना. शेवटीं एका नव्या बांधकामावरून पहार मिळवून आम्हीं शाळेचें कुलूप फोडलें. या साऱ्या खटपटींत दीड तास गेला. तो दीड तास तीं माणसें शाळेच्या फाटकाशीं पावसांत उभीं होतीं. त्यांत एक बाळंतीण होती. तिची मुलगी अकरा दिवसांची होती, आणि तिची सासू त्या दोघींच्या डोक्यावर एक लोखंडी घमेलें उपडें धरून उभी होती. घमेल्यावर पडणाऱ्या पावसाचा तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाहीं.

श्रोतेहो, निवृत्तीच्या दिवशीं मीं कामाचा भार सोंपविला तेव्हां बाकें किती, फळे किती, नकाशे किती, घंटा एक, येथपर्यंत यादी करून नव्या मुख्याध्यापकांची सही घेतली होती. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातीं दिला होता. परंतु आराखड्यांतलें माझें नांव काढून त्या जागीं त्यांचें घालावें, असें दोन ओळींचें पत्र पालिकेस लिहावें, हें मला सुचलें नाहीं. पालिकेसही कधीं विचारावेंसें वाटलें नाहीं. कोणीं हेतुपुरस्सर कांहीं बिघडविलें नव्हतें. कागदावर सारें जागच्या जागीं होतें. तो कागद मात्र त्या वर्षाचा नव्हता.

दुसरी हकीकत माझ्या भिंतींतल्या खिळ्याची आहे. २००५ सालच्या पुरांत माझ्या घरांत गुडघाभर पाणी आलें होतें. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेषा राहिली, तिच्यावर मीं एक खिळा ठोकून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्यास मी तो मोठ्या अभिमानानें दाखवीत असें. २०१९ सालीं पाणी माझ्या दाराशीं आलें तेव्हां मीं पुस्तकें, कागदपत्रें आणि धान्याचे डबे त्या खिळ्याच्या वर चांगलें वीतभर अंतर ठेवून फळीवर रचले, आणि निश्चिंतपणें घर सोडलें. पाणी त्या खिळ्याच्या वर तीन फूट चढलें. हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी मोजतात. तेथें ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानलेली आहे. २००५ सालीं तेथें पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें. मधलीं चौदा वर्षें नदीकांठच्या कित्येकांनीं घराचें जोतें किती उंच घ्यावें, दुकानांतला माळा कोठें घालावा, हें त्याच पुराच्या खुणेवरून ठरविलें. २०१९ सालीं पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. माझा खिळा खोटें बोलला नव्हता. तो २००५ सालचें खरें तेंच सांगत होता. मीं त्याला २०१९ सालचें भविष्य विचारलें, ही चूक माझी.

अशी फसगत आपल्यासारख्या सामान्य माणसांचीच होते असें नाहीं. किल्लारीचा परिसर भूकंपाच्या दृष्टीनें देशांतील सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत गणला जात असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथें भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. पुढें २००२ सालीं भूकंपाच्या नकाशांत फेरफार झाला, तेव्हां तो कमी धोक्याचा पहिला विभाग नकाशांतून काढूनच टाकण्यांत आला. जमीन तीच होती. तिच्याविषयींचें आपलें ज्ञान बदललें होतें. मुंबईचेंही असेंच. तेथील जुनीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा हिशेबानें बांधलेलीं होतीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर तो हिशेब तासाला ५० मिलिमीटरवर नेण्याचें काम जोरानें हातीं घ्यावें लागलें.

या बाबतींत कायदा मुका आहे असें मात्र कोणीं समजूं नये. २००४ सालच्या डिसेंबरांत त्सुनामीनें आपल्या पूर्व किनाऱ्यावर हाहाकार उडविला, आणि २००५ सालच्या डिसेंबरांत संसदेनें आपत्ति व्यवस्थापन अधिनियम संमत केला. त्यानें प्रत्येक जिल्ह्यांत एक प्राधिकरण नेमलें. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा लोकनियुक्त प्रतिनिधि सहाध्यक्ष. जिल्ह्याच्या आराखड्याचा दर वर्षीं आढावा घेऊन तो अद्ययावत् करावा, असें अधिनियमाच्या ३१ व्या कलमांत स्वच्छ लिहिलेलें आहे. ३२ वें कलम सांगतें कीं, जिल्ह्यांतील सरकारी कार्यालयांनीं आणि स्थानिक संस्थांनीं आपआपला आराखडा करावा, तो नियमितपणें तपासावा, आणि त्याची प्रत जिल्हा प्राधिकरणास द्यावी. ४१ व्या कलमान्वयें स्थानिक संस्थेनें आपल्या नोकरांना शिक्षण द्यावयाचें असतें आणि साधनें केव्हांही वापरतां येतील अशा स्थितींत ठेवावयाचीं असतात. २०२५ सालीं या अधिनियमांत दुरुस्ती होऊन, राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेलीं शहरें यांच्याकरितां स्वतंत्र शहरी प्राधिकरण स्थापण्याचीही सोय करण्यांत आली. तेव्हां कायद्याची उणीव नाहीं. ‘दर वर्षीं’ या दोन शब्दांची अंमलबजावणी कोण करतो, एवढाच प्रश्न आहे.

शाळेंत हजेरीपट असतो. हजेरीपट म्हणजे केवळ नांवांची यादी, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. वर्गांत उभें राहून, एकेक नांव उच्चारून, त्याला ‘हजर’ असें उत्तर आलें म्हणजे तो हजेरीपट होतो. नांवें न पुकारतां मास्तरानें खुर्चींत बसून टिपणें केलीं, तर गांव सोडून गेलेलीं मुलें वर्षभर हजर राहतात आणि नव्यानें आलेलें मूल कोणाच्याच हिशेबांत येत नाहीं. आराखड्याचें नेमकें असेंच आहे. त्यांतील प्रत्येक ओळीस वर्षांतून एकदां तरी हांक मारून उत्तर घेतलें पाहिजे. मग कोणत्या ओळी उत्तर देत नाहींत तें पाहा.

पहिल्याप्रथम माणसें. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, आणि त्या पुष्कळदां उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे पाऊस तोंडावर असतांना होतात. दूरध्वनीचे क्रमांक बदलतात. कोणी निवृत्त होतो, कोणी परलोकवासी होतो. आराखड्यांत नुसतें नांव असलें तर माणूस गेला कीं ओळ मेली. नुसता हुद्दा असला तर रात्रीं बारा वाजतां हांक कोणाला मारावी तें कळत नाहीं. नांव, हुद्दा, चालू क्रमांक, आणि तो माणूस नसेल तर त्याच्या जागीं कोण, हीं चारही पाहिजेत.

दुसरी गोष्ट सामानाची. यादींत ‘नावा २’ असें लिहिलेलें असतें. प्रत्यक्षांत एकीचें इंजिन दुरुस्तीस गेलेलें असतें आणि दुसरी गोदामांत सामानाखालीं पडलेली असते. जनित्र असतें, पण त्यांत डिझेल नसतें. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून माणसें बाहेर काढणारी एक नाव उलटली आणि सुटकेच्या वाटेवरच कित्येकांचे प्राण गेले. नाव आहे एवढें लिहून भागत नाहीं. ती किती माणसें सुखरूप नेते, ती चालविणारा कोण, अंगावर घालावयाचीं तरंगतीं जाकिटें किती आणि त्यांचे पट्टे शाबूत आहेत कीं कुजले आहेत, हें पाऊस सुरू होण्यापूर्वीं हातानें चांचपून पाहिलें पाहिजे.

तिसरी गोष्ट जमिनीची. आपल्याला वाटतें, जमीन काय बदलणार? परंतु शहरांत जमिनीइतकें झपाट्यानें दुसरें कांहींच बदलत नाहीं. ओढा बुजवून त्यावर वसाहत उठते. रस्ता दोन फूट उंच केला म्हणजे तो पाण्याला बांध होतो, आणि पूर्वीं ज्या आळींत पाणी शेवटीं येत असे तेथें तें आधीं येतें. दहा वर्षांपूर्वींचा पुराचा नकाशा हा दहा वर्षांपूर्वींच्या शहराचा नकाशा असतो.

चौथी गोष्ट, ज्यांना उचलूनच न्यावें लागेल अशा माणसांची. अंथरुणास खिळलेले वृद्ध, दिवस भरत आलेल्या स्त्रिया, आठवड्यांतून दोन-तीनदां डायलिसिसला जावें लागणारे रोगी, ज्यांचें औषध थंड ठेवावें लागतें असे मधुमेही, आणि परप्रांतांतून मजुरीसाठीं आलेलीं, मराठींतला इशारा न समजणारीं कुटुंबें. हीं माणसें दर वर्षीं तींच नसतात. आजचा धडधाकट गृहस्थ पुढल्या वर्षीं काठी घेऊन चालत असतो. आजकाल पावसाचा इशारा हातांतल्या मोबाईलवर येतो, ही मोठीच सोय झाली आहे. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खालीं कोण आणणार, हें त्या इशाऱ्यांत नसतें. तें आराखड्यांतच असावें लागतें.

येथें एक गमतीची पण लाजिरवाणी गोष्ट सांगतों. पुरानंतर मीं एका पालिकेचा आराखडा अथपासून इतिपर्यंत वाचला. चांगला दोनशे पानांचा ग्रंथ होता. त्या नगरापासून समुद्र शंभरांहून अधिक किलोमीटर दूर, मध्यें सबंध सह्याद्रि उभा. तरी त्यांत त्सुनामीच्या वेळीं घ्यावयाच्या काळजीचें एक सुरेख प्रकरण होतें. नदीच्या पुरास मात्र दीड पान दिलेलें होतें. मास्तरकी केलेल्या माणसाला अशा वेळीं कांहीं सांगावें लागत नाहीं. शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरविणारा मुलगा त्याची चूकही उतरवितो, आणि घाईंत कधीं कधीं त्याचें नांवही! असला आराखडा अद्ययावत् करण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं, कारण तो त्या गांवचा कधीं झालेलाच नसतो.

कांहीं श्रोते म्हणतील, हें सारें ठीक. पण पालिकेस काय हें एकच काम आहे? त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. लहान पालिकेंत एकेका कारकुनाच्या टेबलावर पांच-पांच खात्यांचीं कामें असतात, आणि पूर येत नाहीं त्या वर्षीं आराखडा हें त्यांतलें सर्वांत गरीब काम ठरतें. तो मागत नाहीं, ओरडत नाहीं, त्याची कोणी तक्रार करीत नाहीं. म्हणूनच मी म्हणतों कीं, हें काम एकट्या पालिकेवर टाकून आपल्याला मोकळें होतां येत नाहीं. परंतु ‘असल्या कागदांनीं काय होतें?’ असें जे विचारतात त्यांना मी ओडिशाकडे पाहावयास सांगेन. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं त्या राज्याच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर तेथें आपत्तीसाठीं स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर निवारे बांधले, आणि वादळाच्या मोसमापूर्वीं गांवोगांव सराव करण्याची संवय लावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘फायलिन’ नांवाचें प्रचंड वादळ त्याच राज्याच्या गोपाळपूरजवळ आदळलें. तें येण्यापूर्वीं सुमारें दहा लक्ष माणसें सुरक्षित जागीं नेलेलीं होतीं, आणि मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. वारा कांहीं ओळखदेख धरून मऊ झाला नव्हता. मधल्या चौदा वर्षांत कोणत्या गांवानें कोणत्या निवाऱ्यांत जावयाचें आणि त्याची किल्ली कोणाकडे, हें लोकांना पाठ झालें होतें.

आतां आमच्या नगरांत पुढें काय झालें तें सांगतों. पूर ओसरल्यावर आम्ही सात-आठजण पालिकेंत गेलों. तेथें प्रथम उत्तर मिळालें कीं, आराखडा मंजूर झालेला आहे, त्यांत आतां फेरफार करतां येत नाहीं. मीं माझ्या नांवाचें तें पान टेबलावर ठेवलें आणि म्हटलें, “हा मंजूर झालेला किल्लीवाला तुमच्यापुढें उभा आहे, याच्याकडे किल्ली नाहीं.” समोरचे गृहस्थ समंजस होते, तेही हंसले आणि आम्हीही हंसलों. त्या दिवसापासून गोष्टी सुरळीत झाल्या. असें ठरलें कीं, दर पाडव्याला प्रत्येक प्रभागांत आराखड्याचें त्या प्रभागापुरतें पान जाहीर रीतीनें मोठ्यानें वाचावयाचें. ज्याचें नांव येईल त्यानें ‘हजर’ म्हणावयाचें. पानाच्या खालीं तपासल्याची तारीख आणि सही घालावयाची. आणि जुनीं पानें परत घेऊन नाहींशीं करावयाचीं. हें शेवटचें फार महत्त्वाचें आहे. नवीन पान निघालें आणि जुनें लोकांच्या खिशांत राहिलें, तर रात्रीं अकरा वाजतां कोणतें बाहेर येईल याचा नेम नसतो.

पहिलें वाचन २०२० च्या पाडव्यास, २५ मार्च रोजीं, व्हावयाचें होतें. नेमक्या त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. तेव्हां आम्हीं घरीं बसून दूरध्वनीवरून एकेका ओळीस हांक मारली. आमच्या प्रभागाच्या पानावर छत्तीस नांवें होतीं; त्यांपैकीं अकरांकडून उत्तर आलें नाहीं. शाळेची किल्ली तीन ठिकाणीं ठेवण्याचें ठरलें: मुख्याध्यापकांकडे, प्रभाग कार्यालयांत, आणि शाळेसमोरच्या किराणा दुकानांत. दुकानदार रात्रींही तेथेंच माडीवर असतो, एवढाच त्याचा अधिकार. पण तो पुरेसा होता.

२०२१ सालच्या जुलैंत पुन्हां महापूर आला. सांगलीस पाणी पुन्हां ५४ फुटांवर गेलें. आमची शाळा निरोप येतांच पाव तासांत उघडली. तेव्हां करोनाची सांथ चालू होती, आणि पाडव्याच्या वाचनांत एका परिचारिकेनें सुचविल्यावरून आम्हीं आजाऱ्यांसाठीं मागच्या दोन खोल्या आधींच वेगळ्या राखल्या होत्या. २०१९ च्या पानावर महामारीचा उल्लेखही नव्हता. आमची चूक झाली ती अन्यत्र. मधल्या काळांत मुख्य रस्त्याची उंची वाढली होती आणि ती आम्हीं कोणींच हिशेबांत धरली नव्हती. मागच्या आळींत पाणी अपेक्षेच्या कितीतरी आधीं शिरलें, आणि तेथील माणसें घाईघाईनें बाहेर काढावीं लागलीं. कोणाच्या जिवास अपाय झाला नाहीं, हें दैव. पाणी ओसरल्यावर आठ दिवसांत आम्हीं तें पान पुन्हां लिहिलें. आराखडा तपासण्याचे प्रसंग त्यावरून आम्हीं तीन ठरविले: दर पाडव्याला, प्रत्येक आपत्तीनंतर, आठवण ताजी असतांना, आणि रस्ता, पूल, वसाहत किंवा अधिकारी बदलेल तेव्हां, पाडव्याची वाट न पाहतां.

श्रोतेहो, आपण बहुतेक शहरांत राहणारे, वर्तमानपत्र वाचणारे, आपल्या हक्कांची जाणीव असणारे लोक आहां. आपणांकडून माझें मागणें थोडें आहे. येत्या पंधरवड्यांत एकदां आपल्या पालिकेंत किंवा प्रभाग कार्यालयांत जा आणि आपल्या भागाचा आपत्तीचा आराखडा पाहावयास मागा. त्यावर शेवटची तारीख कोणती आहे ती पाहा. त्यांतला जो निवारा आपल्या घराला नेमलेला असेल, तेथपर्यंत एकदां पायीं चालत जा. वाटेंत किती ठिकाणीं पाणी तुंबतें तें आपल्याला पालिकेपेक्षां अधिक ठाऊक असेल. त्यांतल्या एका क्रमांकास हांक मारून पाहा. घरांत कोणी अंथरुणावर असेल तर तें कळवा. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. आणि आपण स्वतः एखाद्या जबाबदारीवरून निवृत्त होत असाल, घर बदलीत असाल, तर जातांना एवढें आठवा कीं, कोणत्या तरी कागदावर आपलें नांव मागें राहिलें आहे आणि एखाद्या रात्रीं कोणी तरी त्या नांवाच्या भरंवशावर निघणार आहे.

यंदाच्या पाडव्याचें आमचें वाचन शाळेच्या मोठ्या खोलींत झालें. घमेलें धरून उभी राहिलेली ती सासू आपल्या नातीला घेऊन आली होती. ती अकरा दिवसांची मुलगी आतां त्याच शाळेंत शिकते आणि नव्यानें वाचावयास लागली आहे. दिसेल तें वाचून दाखविण्याचा तिला भारी सोस. किल्लीची ओळ आली तेव्हां आम्हीं पान तिच्या हातीं दिलें. ‘किल्ली ज्यांच्याकडे’ या सदराखालचीं तीन नांवें तिनें अडखळत, बोट ठेवून वाचलीं. खोलींतून तीन वेळां ‘हजर’ असें उत्तर आलें. माझें नांव त्या पानावर कोठेंच नव्हतें, आणि आपलें नांव एखाद्या यादींत नाहीं याचा इतका आनंद मला आयुष्यांत पूर्वीं कधीं झाला नव्हता.